सामाईक वहीला वारस कोण?

गूगल वेव्हचा, म्हणजे इंटरनेटवर अनेकांनी मिळून लिहायच्या गूगलच्या जुन्या सेवेचा, विषय निघाला की आजही एकच वाक्य कानावर येतं: ‘लोकांनी वापरलीच नाही, म्हणून बंद केली.’ ४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीच्या वतीने उर्स होल्त्सल यांनी जे जाहीर केलं, त्याचाही मथितार्थ हाच होता. अपेक्षेइतके वापरकर्ते मिळाले नाहीत, तेव्हा स्वतंत्र सेवा म्हणून वेव्हवर यापुढे काम होणार नाही. सगळ्यांसाठी खुली होऊन तिला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

मला हे वाक्य खटकतं. ते खोटं नाही. लोकांनी वापरली नाही हे खरंच आहे. पण त्यात लोक मोजलेत ते एकेकटे. आणि वेव्ह ही एकट्याने वापरायची वस्तूच नव्हती. चारचौघांनी मिळून लिहायची ती वही होती. ती देताना कंपनीने एकेकट्याला बोलावलं, आणि बंद करतानाही ‘आपापलं सामान घेऊन जा’ असं एकेकट्यालाच सांगितलं. वही मात्र कुणा एकाची नव्हती. पहिल्या चुकीने वेव्ह बुडाली. दुसरी चूक आजही होते आहे, दर वर्षी, वेगवेगळ्या सेवांच्या बाबतीत, आणि आपल्या कायद्यातही ती जशीच्या तशी उतरली आहे. म्हणून पंधरा वर्षं जुनी गोष्ट उकरून काढते आहे.

वेव्ह काय होती हे आज बऱ्याच जणांना आठवणार नाही. लार्स आणि येन्स रासमुसेन हे मूळचे डेन्मार्कचे दोन भाऊ. सिडनीतली त्यांची छोटी कंपनी गूगलने २००४ मध्ये घेतली आणि तिच्या कामातून गूगल मॅप्स उभं राहिलं. त्यानंतर याच भावांनी सिडनीतच वेव्हचं काम हाती घेतलं. मे २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी ती दाखवली तेव्हा प्रश्न साधा ठेवला होता: ईमेल आज नव्याने शोधायची झाली तर ती कशी असेल? ईमेल बेतलेली आहे टपालावर. पत्र लिहा, पाकिटात घाला, धाडून द्या. दहा जणांना धाडलं की दहा प्रती, उत्तरं आली की आणखी प्रती, आणि मग ‘शेवटची फाइल कोणाकडे आहे?’ हा कार्यालयातला रोजचा पुकारा. वेव्हमध्ये प्रत एकच. ती सर्व्हरवर, सगळे तिथे येऊन लिहिणार. कुणीही मधल्या ओळीला उत्तर द्यावं, कुणीही दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करावं. समोरचा टाइप करत असताना त्याचं अक्षर न् अक्षर आपल्याला दिसायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं, करायला फार अवघड. ‘नदीला पूर आला’ हे वाक्य घ्या. मी सुरुवातीला ‘काल’ जोडते आहे, आणि त्याच क्षणी तुम्ही ‘आला’ खोडून ‘ओसरला’ लिहिता आहात. तुमच्या संगणकाने सर्व्हरला कळवलेलं असतं की अमुक क्रमांकाच्या अक्षरापासून पुढचं खोडा. पण माझ्या ‘काल’मुळे सगळी अक्षरं पुढे सरकलेली असतात. सांगितलं तसं खोडलं तर ‘आला’बरोबर ‘पूर’ही कुरतडला जायचा. म्हणून प्रत्येक सूचना अमलात आणण्याआधी, दुसऱ्याने मधल्या काळात काय बदललं ते बघून तिचा क्रमांक सुधारावा लागतो, तोही सेकंदाच्या आत, आणि सगळ्यांच्या पडद्यावर शेवटी एकच वाक्य उरेल अशा बेताने. या हिशेबाचा मूळ विचार १९८९ पासूनचा. वेव्हने तो ब्राउझरमध्ये, सर्वसामान्य माणसाच्या हाती देण्याचा घाट घातला. आज एका दस्तऐवजात पाच कर्सर पळताना आपल्याला काहीच वाटत नाही. २००९ मध्ये त्या सभागृहात लोक टाळ्या वाजवत होते.

आणखी एक गोष्ट होती, माझ्या मते सगळ्यांत मोलाची. तिला प्लेबॅक म्हणत. एखाद्या वेव्हमध्ये (तिथल्या एकेका सामाईक पानालाही वेव्हच म्हणत) तुम्ही उशिरा आलात तर पट्टी मागे ओढायची आणि पहिल्या शब्दापासून ते लिखाण कसं कसं घडत गेलं ते बघायचं. कोणी काय सुचवलं, कोणी खोडलं, कोणाचं म्हणणं शेवटी राहिलं, सगळं. आपल्याकडे सभेचं इतिवृत्त असतं, पण त्यात झालेला निर्णय येतो, निर्णयाआधीची झटापट येत नाही. इथे ती येत होती.

मग बुडाली कशी? ३० सप्टेंबर २००९ रोजी साधारण एक लाख लोकांना निमंत्रणं गेली. एक लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण ते एक लाख जगभर विखुरलेले. प्रत्येकाला आणखी थोड्या जणांची नावं सुचवता येत होती, पण ती निमंत्रणं लगेच पोचत नव्हती. निमंत्रणांची एवढी ओढ होती की ईबेवर त्यांचे लिलाव झाले. आणि ज्याला मिळालं तो आत शिरून बघतो तर समोर कोरी जागा. त्याच्या कचेरीतले सहकारी बाहेर, त्याचा भाऊ बाहेर, जिच्याबरोबर तो रोज काम करतो ती बाई बाहेर. दोन दिवस इकडेतिकडे बटणं दाबून तो परत ईमेलकडे गेला. महिनाभराने सहकाऱ्याला निमंत्रण मिळालं, तोवर पहिल्याचा उत्साह विरला होता.

निमंत्रणाची हीच युक्ती १ एप्रिल २००४ पासून जीमेलला चांगली लागू पडली होती, म्हणून ती परत वापरली असावी. पण जीमेल मिळालेला माणूस पहिल्या दिवसापासून रेडिफवाल्याला, याहूवाल्याला पत्र लिहू शकत होता. जीमेल एकट्याच्या हातीही उपयोगी होती. वेव्हमधून बाहेर कुणाशी बोलता येत नव्हतं, आणि आत नवं काही आलं तर सुरुवातीचे कित्येक महिने त्याची वर्दी ईमेलवर येत नव्हती. शिवाय त्या काळी बहुतेक कार्यालयांत असायचा तो इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर. त्यात वेव्ह चालवायची तर वेगळं प्लगइन बसवावं लागे, आणि कार्यालयाच्या संगणकावर स्वतःच्या मर्जीने काही बसवायची मुभा किती जणांना असते? म्हणजे जिथे मिळून काम चालतं, नेमक्या त्याच दारावर कुलूप.

माणसं अर्धवट लिहिलेलं वाक्य दुसऱ्याला दाखवायला लाजतात, अक्षर न् अक्षर दिसणं नकोसं वाटतं, असंही कारण दिलं जातं. त्यात तथ्य आहे, पण मी त्याला फार वजन देत नाही. लाज सरावाने जाते. आत ओळखीचं कुणीच नसेल तर सराव कोणाबरोबर करायचा?

आता ज्यांनी वापरली त्यांच्याकडे बघू. २९ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात पार्कलँड इथे एका कॉफीच्या दुकानात लेकवुड शहराच्या चार पोलिसांची गोळ्या घालून हत्या झाली. मारेकऱ्याचा शोध चाळीस तास चालला. सिअ‍ॅटल टाइम्स या वृत्तपत्राने त्या काळात एक वेव्ह सगळ्यांसाठी खुली केली आणि वाचक हाती लागेल ती माहिती तिथे एकत्र करत राहिले. या घटनेच्या वार्तांकनासाठी त्या वृत्तपत्राला २०१० चं पुलित्झर मिळालं. दुसरीकडे, भूमिका घेऊन गोष्ट रचत जाण्याचे खेळ खेळणाऱ्या मंडळींना वेव्ह म्हणजे पर्वणी वाटली. फासे टाकायचं काम एका रोबोटकडे, म्हणजे वेव्हमध्ये आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवून त्यांचे डाव रंगत. हे लोक थोडे होते, कबूल. पण त्यांच्यातला प्रत्येक गट पुरा होता. एक लाख एकटे आणि पाच-पाच जणांचे थोडेसेच गट यांतला फरक वापरकर्त्यांच्या एकूण आकड्यात दिसत नाही. सहकार्याच्या साधनाचं यश मोजायचं तर ‘किती जण आले’ यापेक्षा ‘किती गट टिकले’ हे विचारायला हवं होतं.

बंद करताना गूगल बेजबाबदार वागलं असं मी म्हणणार नाही. उलट त्यानंतरच्या कितीतरी कंपन्यांपेक्षा बरं वागलं. विकास थांबवल्यापासून पूर्ण बंद होईपर्यंत वीस महिने दिले. ३१ जानेवारी २०१२ पासून वेव्ह नुसती वाचता येऊ लागली, ३० एप्रिल २०१२ ला गेली. कोडचा मोठा भाग खुला करून, खुले प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची संस्थेकडे सोपवला. आणि ज्याचं त्याला लिखाण पीडीएफ करून नेता येत होतं.

इथेच मला थांबायचं आहे. पीडीएफमध्ये शेवटचं पान येतं. कोण केव्हा काय म्हणालं तो प्रवास येत नाही, मधल्या ओळीची उत्तरं त्या पानावर पुन्हा कुणाला लिहिता येत नाहीत. लग्नाच्या सीडीऐवजी शेवटचा एक ग्रुप फोटो हाती ठेवावा तसं ते होतं. पूर्ण वेव्ह दुसरीकडे नेण्याची वाटही प्रायोगिक स्वरूपात होती, वॉकअराउंड नावाच्या खुल्या प्रकल्पातून. पण ती चालायला गटात एक तरी तंत्रज्ञ हवा, आणि ३० एप्रिलच्या आत चालायला हवी. अपाचीकडच्या प्रकल्पाला पुरेसे हात मिळाले नाहीत आणि जानेवारी २०१८ मध्ये तोही मिटवण्यात आला.

एवढा मोठा कोड कुणाला पेलवत नाही, हे या उदाहरणाने दाखवलं. याच्या उलट इथरपॅड. मिळून लिहायचं ते अगदी साधं पान. वेव्हच्या कामाला माणसं हवीत म्हणून गूगलने डिसेंबर २००९ मध्ये त्याची कंपनी विकत घेतली आणि इथरपॅड बंद करणार असं जाहीर झालं. वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला. त्याच महिन्यात कोड खुला झाला, मग इतरांनी तो नव्याने, हलका करून लिहिला. आज विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियापासून अनेक संस्था आपापल्या सर्व्हरवर इथरपॅड चालवतात. वेव्हसाठी ज्याचा बळी जाणार होता ते जगलं, कारण ते लहान होतं आणि कोणालाही आपल्या घरी उभं करता येत होतं.

माझा स्वतःचा अनुभव दुसऱ्याच एका फुकट सेवेचा, बऱ्याच नंतरचा. तिचं नाव महत्त्वाचं नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही घरातल्या पाच बायका मिळून लिहून काढत होतो. आत्या इंदूरला, मावसबहीण कोल्हापूरला, मी पुण्यात, उरलेल्या दोघी गावाकडे. मूळ ओवी पानावर आणि तिच्यावरचं बोलणं समासात, असा आमचा रिवाज पडला होता. एका ओवीत मी ‘साळू’ लिहिलं, तर आत्याने समासात लिहिलं, ‘आई मैना म्हणायची. साळू शेजारच्या काकी म्हणायच्या. तुला त्यांचीच आठवतेय.’ दुसऱ्या एका ठिकाणी तिने नोंदलं होतं की इथे दम घ्यायचा, कारण जात्यात वैरण घालायला हात लागतो. अशा दोनेकशे नोंदी झाल्या असतील. मग एक दिवस सेवा बंद होत असल्याचा ईमेल आला, फक्त एका मावसबहिणीला, कारण खातं तिच्या नावावर होतं. तिने इमानेइतबारे सगळं उतरवून घेतलं. ओव्या आल्या. समास आला नाही. आत्याला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, ‘अगं, ते मी परत कसं आठवू?’

तक्रार कुणाकडे करणार? आम्हाला ‘तुमचा डेटा’ मिळाला होता. मावसबहिणीच्या खात्यातला तिचा डेटा तिला मिळाला होता. आत्याने समासात लिहिलेलं कोणाचं?

गावाकडे याचं उत्तर आहे. चार भावांची विहीर सामाईक असते तेव्हा सातबाऱ्याच्या इतर हक्कात प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला असतो, पाण्याची पाळी ठरलेली असते. त्यावरून भांडणं होतात, कोर्टकचेऱ्याही होतात, पण विहीर सामाईक आहे हे सरकारदरबारी मान्य असतं. एक भाऊ आपला हिस्सा विकून शहरात गेला म्हणून कुणी विहीर बुजवून टाकत नाही.

माहितीच्या कायद्यांना अशी सामाईक वस्तू माहीतच नाही. युरोपच्या जीडीपीआर या माहिती संरक्षणाच्या कायद्यात २०१८ पासून आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे, तोही व्यक्तीचा. आपल्याकडे न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात असा हक्क होता, २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला त्यातून तो गळला. त्या कायद्यात वारस नेमण्याची सोय आहे: माणूस गेला किंवा असमर्थ झाला तर त्याचे हक्क दुसऱ्याने बजावावेत. ही तरतूद मला आवडते, तिच्यामागे माणसाचा विचार आहे. पण माणूस जिवंत आहे आणि सेवाच गेली, तर त्याने काय करायचं याचा विचार त्यात नाही. आणि पाच माणसं जिवंत आहेत, त्यांनी मिळून लिहिलेलं गेलं, याचा तर नाहीच.

यावर नेहमीचं उत्तर असं की सेवा फुकट होती, मग हक्क कसला? मला हे पटत नाही. सेवा सुरू करताना कंपनीला आपलं येणं हवं असतं, आपण इतरांना ओढून आणणं हवं असतं. आपल्या लिखाणानेच त्या जागेला किंमत येते. दुसरी हरकत जास्त रास्त आहे: निगा राखली जात नाही अशी सेवा चालू ठेवणं धोक्याचं, आणि थोड्यांसाठी सर्व्हर अनंतकाळ चालवा असं कुणी म्हणू शकत नाही. बरोबर आहे. मीही तसं म्हणत नाही. बंद करा. तिसरी हरकत सर्वांत अवघड: सामाईक वहीत दुसऱ्याचं खाजगीही असतं, ते एकाच्या हाती कसं द्यायचं? पण वही चालू असताना त्या पाचही जणांना ती पुरी दिसतच होती. जे रोज दिसत होतं तेच, त्याच पाचांना, शेवटच्या दिवशी मिळावं, एवढंच मागणं आहे.

तेव्हा कायद्याने काय सांगावं? सेवा बंद होण्याची सूचना खातेदाराबरोबर त्या कागदावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला जावी. उतरवून घ्यायच्या फाइलीत मजकुराबरोबर लेखकाचं नाव, तारीख, समासातल्या नोंदी आणि बदलांचा इतिहास यावा, आणि तो दुसऱ्या साधनाला वाचता यावा. कंपन्या म्हणतील की हे फार अवघड आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्या कामी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना आपापल्या यंत्रणा जुळवून घ्याव्या लागल्या, आणि नियम आल्यावर त्यांनी ते केलं.

गटाच्या नावाने विचार झाल्याचं एक उदाहरण तर गूगलकडेच आहे. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट हे त्यांचं समाजमाध्यम बंद झालं तेव्हा तिथल्या सार्वजनिक कम्युनिट्यांचा संग्रह पुढे काही काळ वाचायला ठेवला होता. मराठीतल्या किती गप्पा, किती कविता, किती वाद तिथे पडले होते! तो संग्रहही कायमचा नव्हता, पण एकेकाचं खातं मिटलं तरी कम्युनिटी ही वेगळी वस्तू आहे हे त्यात मान्य केलं होतं. याहू ग्रुप्सच्या वेळी, २०१९ मध्ये, मजकूर पुसण्याआधी एवढी कमी मुदत दिली होती की तो वाचवायला जगभरातल्या स्वयंसेवकांना धावपळ करावी लागली.

कायदा होईल तेव्हा होईल. शाळांनी, संस्थांनी, सरकारी कार्यालयांनी तोवर थांबायचं कारण नाही. टाळेबंदीत कितीतरी शिक्षकांनी जॅमबोर्डसारख्या फुकट फळ्यांवर वर्ग चालवले. तो फळा ३१ डिसेंबर २०२४ ला गेला. पुढचं साधन निवडताना ‘यात काय काय करता येतं?’ हे विचारण्याआधी चार मुलांना एकत्र बसवून एक पान लिहायला लावावं, मग ते पान उतरवून घ्यावं आणि बघावं की चौघांची नावं, एकमेकांना दिलेली उत्तरं आणि खोडलेलं हातात येतंय का. अर्ध्या तासाचं काम आहे.

आम्ही ओव्यांचं काम पुन्हा सुरू केलं आहे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाळीने एकजण सगळं उतरवून घेते आणि बाकी चौघींना पाठवते. समासात आता कुणी लिहीत नाही. आत्याचं म्हणणं ओवीच्याच खाली, तिच्या नावानिशी, मजकुरातच लिहायचं असं ठरलंय. परवा तिने नवी ओवी धाडली आणि खाली लिहिलं, ‘मैना की साळू ते या वेळी नक्की सांगता येत नाही. दोन्ही ठेवा.’